सोन्याचा वर्ख आणि दूरचित्रवाणीचा पडदा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भर दुपारी जाणाऱ्या यात्रेकरूला एक अनुभव हमखास येतो. प्रांगणात ऊन इतके प्रखर असते की डोळे बारीक करावे लागतात आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी पाय झपझप उचलावे लागतात. तेथून तो मंडपात शिरतो आणि क्षणभर त्याला काहीच दिसेनासे होते. थोड्या वेळाने खांब दिसू लागतात, मग माणसांचे चेहरे आणि शेवटी दूर गाभाऱ्यात, दिव्यांच्या उजेडात, ते प्रचंड शिवलिंग. आता त्याने मागे वळून दाराकडे पाहिले, तर बाहेरचे ऊन त्याला असह्य भासते. बाहेरचा दगड आणि आतला दगड एकाच जातीचा; परंतु एकावरून डोळ्यांत शिरणारा प्रकाश दुसऱ्याच्या हजारो पट अधिक असतो. मनुष्याचा डोळा एवढा फरक निमूटपणे सांभाळतो. त्यासाठी तो थोडा वेळ मात्र मागून घेतो.

हेच दर्शन कुणी चित्रित करून आणले आणि घरच्या दूरचित्रवाणी संचावर लावले, तर काय दिसेल? जुन्या संचावर दोहोंपैकी एक गोष्ट बिघडणारच. उन्हातले विमान स्वच्छ दिसावे अशी योजना केली, तर मंडप काळाठिक्कर होतो. मंडपातले खांब दिसावेत असे केले, तर विमानामागचे आकाश पांढरेफटक होऊन जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत जी नवी पद्धती आली, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एचडीआर म्हणतात. अत्यंत गडद छायेपासून अत्यंत प्रखर झळाळीपर्यंतचा प्रकाशाचा विस्तृत पल्ला, असा तिचा अर्थ आहे. परंतु या एका नावाखाली चार निरनिराळ्या पद्धती बाजारात नांदत आहेत: एचडीआर-१०, डॉल्बी व्हिजन, एचडीआर-१० प्लस आणि एचएलजी. दुकानातल्या खोक्यावर ही नावे ठळकपणे छापलेली असतात. ज्या खोक्यावर अधिक नावे तो संच अधिक चांगला, असे समजून गृहस्थ पैसे मोजतो. ही समजूत कितपत खरी आहे आणि या चार पद्धतींमधला भेद नेमका कशात आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या विचाराला तंजावरचीच एक दुसरी वस्तू फार उपयोगी पडते. ती म्हणजे तंजावरची चित्रे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती तेथे टिकली. या मराठा राजांच्या, विशेषतः १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजांच्या आश्रयाने ही चित्रकला भरभराटीला आली. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर डकविलेले कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा पांढरा लेप, अशी त्या चित्राची बैठक असते. मग दागिने, प्रभावळ, सिंहासन, कमानी ही सारी लेपाने उठावदार करतात, त्यांत काचेचे खडे बसवितात आणि त्या उठावावर सोन्याचा वर्ख चढवितात. रंग त्यानंतर भरले जातात.

सोन्याचा वर्ख कशासाठी? श्रीमंती दाखविण्यासाठी, हे एक उत्तर झाले. परंतु त्यामागे प्रकाशाचे एक साधे गणितही आहे. कोणताही रंग, अगदी पांढरा खडूसुद्धा, आपल्यावर पडलेला उजेड चहूकडे विखरून टाकतो. त्यामुळे त्यातला थोडासाच पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. वर्खाचे तसे नाही. उठावाच्या प्रत्येक कडेवरचा वर्ख दिव्याची ज्योत आरशासारखी एकाच दिशेला परतवितो. त्यामुळे देवघराच्या अंधुक उजेडात बालकृष्णाच्या गळ्यातला हार शेजारच्या पांढऱ्याशुभ्र लोण्यापेक्षाही अनेक पटींनी अधिक उजळ दिसतो, आणि पाहणारा जरा हलला की ती झळाळी एका मण्यावरून दुसऱ्या मण्यावर जाते. सोने सोन्यासारखे दिसते ते त्याच्या पिवळेपणामुळे नव्हे. पांढऱ्याहून अधिक उजळ अशी काही जागा चित्रात आहे, म्हणून ते तसे दिसते.

आता हेच चित्र जुन्या संचावर पाहावे. तेथे सोने मोहरीच्या रंगाचे, मळकट दिसते. कारण जुन्या दूरचित्रवाणीत पांढऱ्याच्या वर जवळजवळ जागाच नव्हती. ती पद्धती काचेच्या नळीच्या संचांसाठी ठरली. तमिळनाडू शासनाने २००६ पासून ज्या घरोघर मोफत वाटल्या, त्या रंगीत पेट्याही याच नळीच्या जातीच्या होत्या. पडद्याच्या उजळपणाचे माप निट या एककात सांगतात. एका चौरस मीटर पृष्ठभागापासून एक कँडेला प्रकाश, म्हणजे एक निट. जुन्या पद्धतीत चित्र तयार करणारा कलावंत सुमारे १०० निटांचा पडदा समोर धरून काम करीत असे. कागद, लोणी, सदरा, चुन्याची भिंत, सारे पांढरे पदार्थ त्या कमाल मर्यादेच्या आसपास येऊन थांबत. मग सोन्याची झळाळी, पाण्यावरचा कवडसा आणि दिव्याची ज्योत यांनी जावे कोठे? तीही त्याच पांढऱ्यात चेपली जात.

नव्या पद्धतीने ही मर्यादा उठविली. १,००० निटांपर्यंतच्या चित्रणात साधा पांढरा पदार्थ सुमारे २०३ निटांवर ठेवावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या अहवालातील सूचना आहे. म्हणजे पांढऱ्याच्या वर सुमारे पाचपट जागा मोकळी राहिली. ती जागा सगळे चित्र भगभगीत करण्यासाठी नाही. ज्योत, सोने, पाणी आणि आकाश यांच्यासाठी ती राखलेली आहे. तंजावरच्या चित्रकाराने वर्ख लावून जे साधले, तेच अभियंत्यांनी विजेच्या साहाय्याने साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

जागा मोकळी झाल्यावर प्रश्न आला तो तिचा हिशेब लिहून ठेवण्याचा. जुन्या पद्धतीत प्रत्येक मूळ रंगाच्या छटा आठ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांत, लिहिल्या जात. पल्ला वाढला आणि पायऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर प्रत्येक पायरी उंच होते आणि संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसू लागतात. म्हणून नव्या पद्धतीत निदान दहा बिट, म्हणजे १,०२४ पायऱ्या घेतात. या पायऱ्या कोठे किती उंचीच्या ठेवायच्या, याची दोन निरनिराळी कोष्टके सिद्ध झाली, आणि चारही पद्धतींची मुळे या दोन कोष्टकांत आहेत.

पहिले कोष्टक डॉल्बी या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी तयार केले. २०१४ साली ते प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्याला पीक्यू म्हणतात. मनुष्याच्या डोळ्याला अंधारात उजेडाचा किती लहान फरक कळतो आणि प्रखर प्रकाशात किती, याच्या मोजमापांवर ते आधारलेले आहे. त्याचा स्वभाव सोनाराच्या तराजूचा. त्यातला प्रत्येक अंक एक ठराविक प्रकाश सांगतो. सर्वांत वरचा अंक १०,००० निटांचा. दुसरे कोष्टक इंग्लंडची बीबीसी आणि जपानची एनएचके या दोन सार्वजनिक प्रसारण संस्थांनी मिळून तयार केले. त्याला एचएलजी म्हणतात. ते ठराविक निट सांगत नाही. ‘या संचाला जेवढा प्रकाश देता येतो त्याच्या इतका भाग,’ असे प्रमाण सांगते. घरातल्या गृहिणीने ‘वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी’ म्हणावे, वाटी ज्याच्या त्याच्या घरची, तसा हा प्रकार आहे. जुलै २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ही दोन्ही कोष्टके एकाच शिफारशीत समाविष्ट केली.

एचडीआर-१० ही पद्धती तराजूच्या कोष्टकावर उभी आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्स व्यवसायाच्या संघटनेने तिची व्याख्या जाहीर केली. ती खुली आहे. तिच्या वापराबद्दल कुणाला शुल्क द्यावे लागत नाही. त्यामुळे ती सर्वत्र पसरली, आणि २०१६ मध्ये आलेल्या उच्च प्रतीच्या ब्लू-रे तबकड्यांवर विस्तृत पल्ल्याच्या चित्रासाठी तीच अनिवार्य ठरली. परंतु तिच्यात एक अडचण आहे. चित्रपट तयार होतो तो १,००० किंवा प्रसंगी ४,००० निटांच्या महागड्या पडद्यावर. घरातला स्वस्त संच मात्र ३०० ते ४०० निटांपलीकडे जात नाही. तेव्हा वरचा प्रकाश खाली दाबून बसविणे संचाला भाग पडते. हे काम करताना एचडीआर-१० त्याला संपूर्ण चित्रपटासाठी मिळून एकच टिपण देते: सर्वांत उजळ बिंदू किती निटांचा आणि सर्वांत उजळ चित्राची सरासरी किती.

समजा, बृहदीश्वराच्या चित्रणात दुपारच्या उन्हात चमकणाऱ्या कळसाचे एक दृश्य आहे आणि बाकी सारे चित्रण गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या वाटेतले आहे. टिपण एकच असल्याने साध्या बुद्धीचा संच त्या कळसासाठी राखलेली जागा चित्रणभर रिकामी ठेवतो, आणि अंधारी वाट गरजेपेक्षा अधिक अंधारी होते. एका पाहुण्याच्या उंचीसाठी घरातल्या साऱ्यांचे अंथरूण बेतावे, तसे हे झाले. चांगल्या कारखान्याचे संच स्वतःच प्रत्येक दृश्य मोजून ही चूक पुष्कळशी सुधारतात. परंतु ती सुधारणा संचाच्या हुशारीवर अवलंबून राहते. चित्र तयार करणाऱ्याचा मनोदय तिच्यात येतोच असे नाही.

डॉल्बी व्हिजन ही पद्धती जानेवारी २०१४ मध्ये पुढे आली. तिने एका टिपणाऐवजी प्रत्येक दृश्यासाठी, किंबहुना प्रत्येक चित्रासाठी, निराळे टिपण देण्याची सोय केली. कळसाचे दृश्य असेल तेव्हा तेवढ्यापुरता प्रकाश दाबावा. दिव्याचे दृश्य आले की दाबू नये. शिवाय चित्राचे रंग ठरविणारा कलावंत कमी उजळ पडद्यावर ते दृश्य कसे दिसावे हे स्वतः पाहून दुरुस्ती नोंदवू शकतो, आणि ती नोंद चित्राबरोबर घरापर्यंत जाते. बारा बिटांपर्यंत, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांपर्यंत लिहिण्याची मुभाही तिच्यात आहे. तथापि घरांतले बहुतेक पडदे दहा बिटांच्या पुढे जात नसल्याने तो लाभ तूर्त कागदावरचाच म्हणावा लागेल. या पद्धतीची किंमत अशी की ती एका कंपनीच्या मालकीची आहे. संच बनविणाऱ्याला तिच्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि शुल्क भरावे लागते.

या मालकीला उत्तर म्हणून सॅमसंग आणि ॲमेझॉन यांनी एप्रिल २०१७ मध्ये एचडीआर-१० प्लस जाहीर केली. त्याच वर्षी पॅनासॉनिक आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपन्या तिला येऊन मिळाल्या. तिचे तत्त्वही दृश्यागणिक टिपणाचेच आहे. परंतु प्रत्येक संचामागे शुल्क नाही. कारखानदाराने वार्षिक रक्कम भरली की झाले. तिचा पाया एचडीआर-१० चाच असल्याने ज्या संचाला नवे टिपण वाचता येत नाही, तो ते सोडून देतो आणि साधे एचडीआर-१० चित्र दाखवितो.

मग या दोहोंत श्रेष्ठ कोण? तत्त्वात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते प्रसारात आणि साधनांत. डॉल्बी व्हिजनकडे अधिक चित्रपट आहेत आणि कलावंताने हाताने दुरुस्ती करण्याची परंपरा अधिक रुजलेली आहे. दुसरीकडे सॅमसंगने आपल्या संचांत वर्षानुवर्षे डॉल्बी व्हिजनला थारा दिला नाही आणि एलजीने एचडीआर-१० प्लसला दिला नाही. काही कारखानदारांनी दोन्ही स्वीकारल्या. नेटफ्लिक्सने अनेक वर्षे डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर-१० यांवरच भागविल्यानंतर मार्च २०२५ मध्ये एचडीआर-१० प्लसही आरंभिली. म्हणजे भांडण चित्राच्या गुणाचे कमी आणि बाजाराचे अधिक आहे. १९८२ साली भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली, तेव्हा देशाने पाल ही एकच पद्धती स्वीकारली. कोणत्याही दुकानातला संच आणला तरी कार्यक्रम दिसणार याची खात्री होती. आज ती निवड ग्राहकाच्या शिरावर येऊन पडली आहे.

राहिली एचएलजी. तिचा जन्म चित्रपटगृहासाठी झालेला नाही, प्रसारणासाठी झाला. क्रिकेटचा सामना किंवा मंदिराचा कुंभाभिषेक थेट दाखविला जात असताना दृश्यागणिक टिपण लिहीत बसायला कुणाला सवड असते? शिवाय प्रसारण संस्थेला गरिबाचा जुना संच आणि श्रीमंताचा नवा संच, दोहोंचाही विचार करावा लागतो. एचएलजीच्या कोष्टकाचा खालचा भाग जुन्या पद्धतीच्या वळणाचा आहे आणि फक्त वरचा भाग नव्या वळणाचा. त्यामुळे तोच संदेश जुन्या संचावरही बऱ्यापैकी दिसतो. पीक्यूच्या कोष्टकावरचे चित्र तेथे राखट, निस्तेज दिसते. तिला कोणतेही टिपण लागत नाही. बीबीसीने २०१८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे सामने इंटरनेटद्वारे याच पद्धतीने दाखविले, आणि १ डिसेंबर २०१८ रोजी जपानमध्ये सुरू झालेल्या एनएचकेच्या अतिसूक्ष्म चित्राच्या वाहिनीनेही हीच पद्धती घेतली. काळजीपूर्वक रंगविलेल्या चित्रपटात तिच्याकडून डॉल्बी व्हिजनइतका नेमकेपणा मिळत नाही. परंतु सर्वांपर्यंत पोहोचणे हे जिचे कर्तव्य आहे, त्या संस्थेला ती सोयीची आहे.

चारही पद्धतींची ओळख झाल्यावर पुन्हा गृहस्थाच्या प्रश्नाकडे वळावे. अधिक नावांचा संच अधिक चांगला काय? याचे उत्तर पद्धतीत नाही, पडद्यात आहे. दृश्यागणिक टिपणाचा उपयोग संचाला प्रकाश दाबावा लागतो तेव्हा होतो. चित्र १,००० निटांचे आणि संचही १,००० निटांचा असेल, तर दाबायचे काही उरतच नाही, आणि साधी एचडीआर-१० व डॉल्बी व्हिजन यांतला भेद ओळखणे कठीण होते. म्हणजे टिपणाची गरज कमी उजळ संचाला अधिक. परंतु तेथेच दुसरी मर्यादा आडवी येते. ज्या संचाच्या पडद्यामागचा दिवा सर्वत्र एकसारखा जळतो, त्याला ज्योत उजळ करताना आजूबाजूचा अंधारही उजळ करावा लागतो. उत्तम टिपण हाती असूनही त्याला अंधार दाखविता येत नाही. अंधारावाचून वर्खाला झळाळी नाही. ज्या संचात मागील दिव्याचे अनेक स्वतंत्र भाग केलेले असतात, किंवा ज्यात प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे विझू शकतो, तो संच एक नाव कमी असूनही अधिक खरे चित्र दाखवील.

तिसरी गोष्ट खोलीची. चित्रपटाचे प्रकाशमान अंधुक खोली गृहीत धरून ठरविलेले असते. महाराष्ट्रातल्या किंवा तमिळनाडूतल्या घरात दिवसा खिडक्या उघड्या असतात आणि रात्री ट्यूबलाइट लागलेली असते. अशा उजेडात तराजूने मोजलेले चित्र काळवंडलेले भासते आणि घरातली मंडळी संचाला दोष देतात. हे ध्यानात आल्यावर डॉल्बीने २०२० मध्ये आणि एचडीआर-१० प्लसच्या गटाने २०२१ मध्ये खोलीतला उजेड मोजून चित्र जुळविण्याची सोय आणली. एचएलजीच्या रचनेत संचाच्या व खोलीच्या मानाने चित्र बेतण्याचा विचार पहिल्यापासूनच आहे. तथापि रात्रीचा चित्रपट पाहताना डोक्यावरचा दिवा मालवणे हा उपाय सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा आहे.

या साऱ्या वादात अखेरचा निर्णय डोळ्याचाच असतो. तंजावरला डोळ्याच्या अभ्यासाचीही परंपरा आहे. सरफोजीराजांना नेत्रवैद्यकात मोठा रस होता. त्यांच्या काळी तेथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि रोग्यांच्या नोंदी, त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. डोळ्याला काय दिसते हे कागदावर नेमके उतरवावे आणि पुढच्या वैद्याला ते वाचता यावे, अशी ती धडपड होती. आजच्या अभियंत्याची धडपड तत्त्वतः याहून निराळी नाही.

त्याच ग्रंथालयात या विषयाचा एक गंभीर धडाही ठेवलेला आहे. भोसले राजांच्या दरबाराचे असंख्य कागद तेथे रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. ते मराठीत आहेत, परंतु मोडी लिपीत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, भाषा तर कोट्यवधी लोकांच्या तोंडी आहे. उणीव आहे ती लिपी वाचणाऱ्यांची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून मागे पडली, आणि पाहता पाहता आजोबांचे पत्र नातवाला परके झाले. याउलट १८०३ साली सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा जो मराठी इतिहास देवनागरीत कोरविला, तो आजही साधा शिकलेला मराठी माणूस बोट ठेवून वाचू शकतो. दोन्ही लेखनांची भाषा एक आणि काळही जवळजवळ एक. परंतु एकाची लिपी चालू राहिली आणि दुसऱ्याची थांबली.

चित्रणाची पद्धती ही एक लिपीच होय. २०१९ पासून सॅमसंगच्या काही भ्रमणध्वनींत एचडीआर-१० प्लसमध्ये आणि २०२० पासून ॲपलच्या भ्रमणध्वनींत डॉल्बी व्हिजनमध्ये चित्रण होऊ लागले. घराघरांतली लग्ने, मुंजी, नातवाचे पहिले पाऊल आता या लिप्यांत लिहिले जात आहे. यांतले ॲपलचे चित्रण एचएलजीच्या पायावर आणि सॅमसंगचे एचडीआर-१० च्या पायावर उभे असल्याने ज्या संचाला वरचे टिपण कळत नाही, त्यालाही खालचे चित्र वाचता येते. ही मोठी सोय आहे. परंतु साऱ्याच चित्रणाचे असे नाही. डॉल्बी व्हिजनचा एक प्रकार असा आहे की त्याच्याखाली सर्वांना कळणारे दुसरे चित्र नसतेच; ती लिपी न जाणणाऱ्या संचावर त्याचे रंग जांभळे-हिरवे होऊन जातात.

घरच्या सोहळ्यापेक्षाही सार्वजनिक ठेव्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतीच्या ज्या अंधाऱ्या वाटेचा उल्लेख वर आला, तिच्या भिंतींवर चोळकाळातली चित्रे आहेत. इ. स. १०१० च्या सुमारास मंदिर पूर्ण झाले, त्या काळची ती. पुढे नायक राजांच्या अमदानीत त्यांवर दुसरा गिलावा चढून नवी चित्रे काढली गेली आणि जुनी विस्मरणात गेली. १९३१ साली अण्णामलै विश्वविद्यालयाचे एस. के. गोविंदस्वामी यांनी ती शोधून काढली. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा नायककालीन थर कौशल्याने सोडवून काचतंतूंच्या फळ्यांवर बसविला आणि दोन्ही काळांची चित्रे वाचविली. जपणुकीच्या दृष्टीने सर्वसाधारण यात्रेकरूला त्या वाटेत प्रवेश नाही, आणि तेच योग्यही आहे. तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांना ती चित्रे पाहायची तर पडद्यावरच पाहावी लागतील. तेथला कैलासयात्रेचा हत्ती, नर्तकी, त्रिपुरांतक शिव हे सारे अंधारातले रंग आहेत. प्रकाशाच्या विस्तृत पल्ल्याची खरी गरज कोठे असेल, तर ती अशा ठिकाणी आहे.

अशा ठेव्याचे चित्रण कोणत्या लिपीत व्हावे? ज्या प्रमाणाचा तपशील जगजाहीर आहे, ज्याच्या वाचनासाठी कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही, अशाच लिपीत मूळ प्रत असावी. पीक्यू आणि एचएलजी ही दोन्ही कोष्टके आंतरराष्ट्रीय शिफारशीत प्रसिद्ध आहेत. शंभर वर्षांनी एकही जुना संच उरला नाही, तरी त्यांच्या आधारे चित्र पुन्हा उभे करता येईल. त्या पायावर कुणाला अधिक सुबक टिपण जोडायचे असेल तर त्याने अवश्य जोडावे, मग ते डॉल्बीचे असो वा दुसऱ्या गटाचे. टिपण हरवले तरी चित्र राहिले पाहिजे, एवढीच अट असावी.

गृहस्थाच्या निवडीलाही हाच विचार पुरेसा आहे. एचडीआर-१० आणि एचएलजी या दोन्ही पद्धती संचाला कळत असल्या म्हणजे पाया भक्कम झाला. त्यानंतर पैसे खर्च करायचे ते प्रथम पडद्याच्या अंधारावर, मग त्याच्या उजळपणावर. घरात ज्या संस्थेचे चित्रपट नित्य पाहिले जातात, तिची पद्धती डॉल्बी व्हिजन असेल तर ती, दुसरी असेल तर ती पाहून घ्यावी. दोन्ही मिळाल्या तर उत्तमच. दुकानात भगभगीत दिव्यांखाली, भडक फुलांच्या चित्रावर संचाची पारख करू नये. एखादे रात्रीचे दृश्य लावायला सांगावे, ज्यात अंधारात एक ज्योत आहे आणि ज्योतीशेजारी एक चेहरा आहे. ज्योत झळकली, चेहरा दिसला आणि त्यामागचा अंधार अंधारच राहिला, तर खोक्यावर किती नावे आहेत हे मोजण्याची फारशी आवश्यकता उरत नाही.